सुकाणू मागं राह्यते

आर्णीत कुठलाही कार्यक्रम ठरला की आधी सुकाणू समिती नेमतात, आणि तीत तहसीलमधून रिटायर झालेले आमचे शेजारी काका असतातच. काकांनी समुद्र पाहिलेला नाही. तरी प्रत्येक बैठकीत चष्मा पुसत ते सांगतात, "सुकाणू शब्द अरबी हाय बापा. अरबायच्या जहाजासंगं इकडं आला. जहाज वळवाचं फळकूट. अन् ते मागं राह्यते."

म्हणून काका कधी पुढे बसत नाहीत. दाराजवळची शेवटची खुर्ची त्यांची.

परवा वाचनालयाच्या बैठकीत आधी सत्कार कोणाचा, यावरून दोन गट उठून उभे राहिले. अध्यक्ष टेबल बडवत होते. काकांनी दाराबाहेरच्या चहावाल्याला सगळ्यांना चहा द्यायची खूण केली. भरलेला कप हातात आला की आमच्याकडे माणूस हातवारे करू शकत नाही. सगळे खाली बसून फुंकर मारू लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "मंग दोघायचा संगच करू." तोंडात गरम चहा, नाही कोण म्हणणार?

बाहेर पडताना अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाह्यलं ना सर, कशी वळवली म्या बैठक?"

मी मागे पाहिलं. काका चष्मा पुसत होते.