एकच निळं पिंप

मी दिवा स्टेशनजवळच्या वस्तीत आशाताई म्हणून घरोघरी आरोग्याचं काम करते. डेंग्यूच्या डासांसाठी वरून हुकूम आला, की दर शुक्रवारी घरोघरची पाण्याची पिंपं रिकामी करून, घासून कोरडी ठेवायची आणि तिथेच फोटो काढून ॲपवर टाकायचा. हुकूम चांगलाच होता. फक्त आमच्या चाळीत पाणी येतं गुरुवारी, तेही आठवड्यातून एकदाच. म्हणजे काल भांडून भरलेलं पिंप आज गटारात ओतायचं.

पहिल्या शुक्रवारी मी तेही केलं. शेवटच्या खोलीत एक बाळंतीण होती, महिन्याचं बाळ मांडीवर. तिचं पिंप आडवं केलं तशी ती हळूच म्हणाली, "ताई, आता बाळाचे लंगोट कशात धुऊ?" मला माझीच लाज वाटली. घरून दोन कळशा आणून दिल्या.

मग कचेरीत गेले. म्हटलं, कोरडा दिवस बुधवारी करा, तेव्हा पिंपं तशीही तळाला गेलेली असतात. साहेब म्हणाले, पाणीखात्याला विचारा. पाणीखात्याने विचारलं, पाणी गुरुवारीच येतं हे लेखी कुठे आहे? ॲप बघणारा म्हणाला, शुक्रवारशिवाय फोटो जातच नाही. चहा मात्र तिघांनीही पाजला. एक वार बदलायला तीन कचेऱ्या, आणि तिघांपैकी एकाच्याही हातात काही नाही! डोकं नुसतं सणकलं होतं.

शेवटी आम्ही बायकांनीच तोड काढली. माझं एक निळं पिंप कोरडं ठेवायचं आणि शुक्रवारी ते घरोघरी उंबऱ्यात उभं करून फोटो काढायचा. काठाला चिरलेलं, सहज ओळखू येणारं पिंप. कोणी विचारलंसुद्धा नाही. खरी पिंपं बुधवारी घासायची असं आपसात ठरलं होतं, पण फोटो गेला की सगळ्या मोकळ्या, मीसुद्धा.

पाऊस सरताना बाळंतिणीला डेंग्यू झाला. ती दवाखान्यात सलाईनवर, बाळ सासूच्या हातात भुकेने रडतंय. तिच्या पिंपाचं झाकण उघडलं तर आत अळ्या वळवळत होत्या. तशीच तणतणत कचेरीत गेले, म्हटलं, आजच्या आज फवारणी पाठवा.

साहेबांनी फोन माझ्यापुढे धरला. "ताई, तुमची चाळ तर कोरडी आहे. आधी बाकीच्यांकडे जाऊ दे."

फोटोत बाळंतिणीचा उंबरा होता आणि त्यात माझं चिरलेलं पिंप. तोंडापर्यंत आलेल्या शिव्या मी गिळल्या. फोटो मीच काढला होता.