तीन जागा, चार उमेदवार

चार जण उभे होते आणि तिघे निवडून यायचे होते. म्हणजे जिंकण्यासाठी फारसं काही करायचं नव्हतं, फक्त शेवटचं यायचं नव्हतं. गुरुदत्त मोहरीर यांना तेवढंही जमलं नाही. ते का जमलं नाही हे सांगायचं तर आधी त्यांच्या नम्रतेबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्या सगळ्या दुर्गुणांत तोच सर्वांत जुना होता.

गुरुदत्त मूळचे बेळगावचे, शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर. एकोणीसशे सदुसष्टपासून ते शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्याही पलीकडे, मेपल क्रॉसिंग नावाच्या गावात राहत होते. रोज सकाळी ट्रेनने शिकागोला जायचं, पुलांची गणितं करायची, संध्याकाळी परत यायचं. ऑफिसात नावाचा उच्चार जमत नाही म्हणून लोक त्यांना गॅरी म्हणत आणि ते निमूट ओ देत. मराठी मंडळात मात्र ते गुरुदत्तराव होते. तिथे ते कैक वर्षं खजिनदार होते आणि दर वर्षी वार्षिक सभेत उभं राहून म्हणत, की आता पुरे, माझी तेवढी पात्रता नाही, माझ्यापेक्षा थोर माणसं इथे बसली आहेत. मग सगळे ओरडत, "नाही नाही, तुम्हीच!" मग ते मान खाली घालत आणि आपला आग्रहच आहे तर, असं म्हणून पुन्हा खुर्चीत बसत. मंडळाच्या घटनेत निवडणुकीची सगळी कलमं होती. मत म्हणून मात्र आजवर कोणी कोणाला दिलेलं नव्हतं.

हा सोहळा त्यांची बायको मृणालिनी पुढच्या रांगेत बसून बघत आली होती. नागपूरला ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. इथे एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये अत्तराच्या काउंटरवर उभी राहून गिऱ्हाइकांच्या मनगटांवर फवारे मारायची. "केमिस्ट्री काही सुटली नाही तिची," असं गुरुदत्त पाहुण्यांना सांगत आणि स्वतःच हसत. येताना त्यांनी दोन वर्षांत परत जाऊ म्हणून सांगितलं होतं. पुढे मुलगी विनीता झाली, घर झालं, दुसरी गाडी झाली. दोन वर्षं मात्र कायम दोनच राहिली, त्यांतलं एकही कधी कमी झालं नाही.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत मृणालिनीच्या धाकट्या बहिणीचा, प्रतिमाचा, नागपूरहून फोन आला. मुलींचं नवं कॉलेज निघत होतं, जुलैत सुरू व्हायचं होतं आणि केमिस्ट्रीला विभागप्रमुख हवी होती. जागा मी संस्थेत सांगून तुझ्यासाठी धरून ठेवते, पण लवकर कळव, असं प्रतिमा ओरडून ओरडून सांगत होती. मृणालिनीने फोन ठेवला आणि कितीतरी वर्षांनी तिला आपले हात पुन्हा आपले वाटले. शिकवणाऱ्या बाईचे हात.

नेमकं त्याच आठवड्यात मंडळाचं डोकं फिरलं. गावच्या कौन्सिलने गणपतीच्या मिरवणुकीसाठी रीतसर अर्ज आणि विम्याचा कागद मागितला होता. तो गावातल्या प्रत्येक मिरवणुकीला मागितला जाई, ख्रिसमसच्या मिरवणुकीलासुद्धा. पण मंडळाला तो हिंदू धर्माचा अपमान वाटला. कौन्सिलमध्ये आपला माणूस पाहिजे असं ठरलं. आपला माणूस म्हणजे कोण, याबद्दलही एकमत होतं: दुसरा कोणीतरी. मंडळाचे अध्यक्ष मोहन सबनीस यांनी गुरुदत्तना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि गुरुदत्तही, झाड किती उंच आहे हे न बघता, चढले.

त्यासाठी मोहरीरांच्या दिवाणखान्यात बैठक भरली. चिवड्याच्या वाट्या फिरत असताना मृणालिनीने सगळ्यांसमोर विचारलं, की निवडून आलात तर चार वर्षं इथेच राहावं लागेल, मग माझ्या नागपूरचं काय? गुरुदत्त उभे राहिले. बसून त्यांना महत्त्वाचं काही बोलताच येत नसे. "हरलो तर जूनमध्ये सगळं आवरून परत जायचं," ते म्हणाले. "या सर्वांच्या साक्षीने शब्द देतो." टाळ्या पडल्या. मोहन सबनीस म्हणाले, "वहिनी, आम्ही साक्षीदार." आणि साक्षीदारांनी आणखी चिवडा मागितला.

मृणालिनीने प्रतिमाला कळवलं, की एप्रिलपर्यंत थांब.

प्रचार म्हणजे काय चीज होती ती. अंगणात रोवायच्या पाट्या छापून आल्या आणि मंडळाच्या लोकांनी त्या हौसेने आपापल्या घरांसमोर रोवल्या. आता मंडळातली निम्मी घरं नेपरव्हिलला, उरलेली आणखी भलत्याच गावांना. जिथे गुरुदत्त उभेच नव्हते तिथे त्यांचं नाव बर्फात चमकत राहिलं. मोहन सबनीस स्वतः नेपरव्हिलचे. मेपल क्रॉसिंगमध्ये जी थोडी मराठी घरं होती, त्यांतल्या मोहरीरांखेरीज बहुतेकांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलेलंच नव्हतं, कारण सगळे लवकरच परत जाणार होते. भाषणं करायला मात्र ही सगळी मंडळी हजर असायची.

मार्चमध्ये गावच्या लायब्ररीत चारही उमेदवारांची सभा झाली. त्या संध्याकाळी बर्फ पडत होता, म्हणून मंडळातलं कोणी फिरकलं नाही. ऑडियन्समध्ये आपली म्हणावी अशी एकटी मृणालिनी होती. भाषण तिने आधी ऐकलं होतं. आरशासमोर तालीम चालू असताना तिला ते जरा लांबलं असं वाटलं होतं, बाकी काहीच खटकलं नव्हतं. खटकणार तरी कसं? अशीच भाषणं ऐकत ती लहानाची मोठी झाली होती.

हार्डवेअरच्या दुकानाचा मालक उठला आणि म्हणाला, की रस्ते दुरुस्त कसे करायचे ते मला कळतं. विमा एजंट म्हणाला, की मी कर वाढू देणार नाही. मिसेस लिंडक्विस्ट नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, की माझ्याइतकं हे गाव कोणीच ओळखत नाही. मृणालिनीला त्यांची कीव आली. स्वतःच्या तोंडाने स्वतःची एवढी स्तुती करायची म्हणजे काय.

मग गुरुदत्त उठले. त्यांनी व्यासपीठाला वंदन केलं. आपल्या इंग्रजीत सावकाश सांगितलं, की या पदाला मी लायक नाही. हे तिघेही माझ्याहून अनुभवाने आणि योग्यतेने मोठे आहेत, त्यांच्या पायाशी बसून शिकावं एवढीच माझी इच्छा आहे, आणि मी उभा आहे तो केवळ मित्रांच्या आग्रहाखातर. मग ते थांबले. ज्या जागी दर वर्षी थांबत, बरोबर त्याच जागी.

हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. माणसं सभ्य होती, ऐकत होती, ऐकलेलं समजून घेत होती. सभा चालवणाऱ्या बाईंनी जरा वाट बघून अगदी काळजीने विचारलं, "मिस्टर मोहरीर, आर यू विथड्रॉइंग?"

"ॲज यू ऑल विश," गुरुदत्त म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

तेव्हा कुठे मृणालिनीच्या लक्षात आलं, की काय होऊन बसलं आहे. 'नाही नाही, तुम्हीच' असं म्हणणारं त्या खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मान खाली घालून उभा असलेला तो माणूस तिला त्या क्षणी नवरा वाटला नाही. शाळेतून न्यायला कोणी आलं नाही असं मूल वाटलं. ते शेवटी आपणहून खाली बसले.

गावच्या साप्ताहिकाने कसलाही खवचटपणा न करता छापलं, की चारांपैकी एका उमेदवाराने बाकीच्या तिघांना आपल्याहून योग्य म्हटलं आहे. जागाही तीनच होत्या. मतदारांना याहून सोपा सल्ला आजवर कोणी दिला नसेल. मंडळात मात्र भाषणाची वाहवा झाली. मोहन सबनीस म्हणाले, की संस्कार दिसतात ते असे.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये आडोशामागे कार्डाला सुईने भोक पाडायचं होतं. मृणालिनीच्या हातात सुई होती, आणि नागपूर त्या सुईच्या टोकावर होतं. ही निवडणूक हरणं म्हणजेच जुलैतलं कॉलेज, हे तिला स्वच्छ कळत होतं. तरी तिला लायब्ररीतली ती खाली गेलेली मान दिसली आणि तिने गुरुदत्तच्या नावापुढे भोक पाडलं. बाहेर पडताना तिला स्वतःचा असा संताप आला, की ती गाडीत बसून मोठ्याने स्वतःला मूर्ख म्हणाली.

गुरुदत्त चौथे आले. तिसऱ्याच्या आसपासही नव्हते.

पण मंडळाने शाळेचा कॅफेटेरिया आधीच बुक केलेला होता, शाल आणि नारळही आणून झाले होते. तेव्हा पुढच्या रविवारी दुपारी सत्कार ठरल्याप्रमाणे झाला, फक्त विजयाच्या जागी नैतिक विजय आला. सुट्टीला आलेली विनीताही आईशेजारी बसली होती. शाल घालून झाली. गुरुदत्त बोलायला उठले, या सत्काराला मी पात्र नाही असं म्हणाले आणि सगळे ओरडले, "नाही नाही!" त्यांचा चेहरा उजळला. आठवडाभर त्यांना जे मिळालं नव्हतं ते मिळालं.

मग ते हसत म्हणाले, की घरी काही जण मला आठवडाभर परत जाण्याच्या शब्दाची आठवण करून देत आहेत. "निवडणुकीच्या भरात माणूस बोलतो. असं बोलणं कोणी शब्दशः घेतं का? तुम्हा सर्वांना सोडून जाणं या जन्मी तरी माझ्याने होणार नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात साक्षीदार वाजवत होते.

"बट ही प्रॉमिस्ड यू," विनीता आईच्या कानाशी म्हणाली.

सत्काराच्या रीतीप्रमाणे मोहन सबनीसांनी माइकवरून विनंती केली, की मृणालिनीवहिनींनीही दोन शब्द बोलावेत. इतकी वर्षं वहिनी अशा वेळी हात जोडून नको म्हणत. या वेळी त्या उठल्या.

"या गावातल्या लोकांबद्दल मला फार आदर वाटायला लागला आहे," मृणालिनी म्हणाली. "यांनी सांगितलं, मी लायक नाही, आणि लोकांनी ते खरं मानलं. आता मीही इथलीच मतदार. जानेवारीत यांनी तुम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, की हरलो तर जूनमध्ये परत, आणि मी ते खरं मानलं. जूनचं तिकीट काढलं आहे. मला वाटलं होतं दोन काढावी लागतील. एकच काढलं."

आधी सगळे हसले. वहिनी विनोद करतात हे त्यांना नवीन होतं. मग हळूहळू हसू ओसरलं आणि लोकांनी त्यांना जे येत होतं तेच केलं. कॅफेटेरियाभर "नाही नाही वहिनी, तुम्ही जायचं नाही" सुरू झालं. मोहन सबनीसांनी तर हात वर करून सगळ्यांना आणखी जोरात म्हणायला लावलं. आता वहिनींनी मान खाली घालायची होती.

मृणालिनीने माइक टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि विनीताला गाडी आणायला सांगितलं. दोघी दारातून बाहेर गेल्या तरी ओरडा चालूच होता. गुरुदत्त शाल पांघरून लोकांकडे बघत उभे होते, त्यांनी अजून थोडा आग्रह करावा म्हणून.