म्हाताऱ्याची गार बोटं

आजही पाण्यात तोंड घातलं की मला ती बोटं आठवतात.

कॉलेजात असताना मी रोज सकाळी पंचगंगेत फ्रीस्टाइल पोहायचो. ऐट मोठी, पण वीस हात मारले की छाती फुटायला यायची. घाटाच्या पायरीवर एक अनोळखी म्हातारा बिडी ओढत बसलेला असायचा. एकदा त्यानं हाक मारली.

"पावणं, दम कोंडून पोहताय व्हय? तोंड पाण्यात हाय तंवर श्वास हळूहळू सोडत ऱ्हावा. मान वळवली की नवा आपसूक येतोय."

मान किती वळवायची, ते त्यानं माझी हनुवटी धरून दाखवलं. मग डोळे मिटून माझं कपाळ, नाक, कान सावकाश चाचपले. मला कसंतरीच झालं. पण आठवड्याभरात मी न थांबता पैलतीर गाठून परत आलो.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"शिकतोय कुठला! बुडालेली माणसं काढतोय मी. समदी दम कोंडूनच जात्यात."

"मग त्या दिवशी माझा चेहरा का चाचपलात?"

त्यानं बिडी पायरीवर विझवली.

"तळाला गढूळ असतंय. कोण घावलंय ते हातानंच वळखावं लागतंय की."