रंग तपासायला येतोय, असं मी कळवलं

खिडकीच्या चौकटीला गन लावली. स्क्रीनवरचा आकडा पाहिला. पुन्हा लावली. तोच आकडा. तिसऱ्यांदा लावली ती निव्वळ देखावा म्हणून, कारण मागे दोन प्रेक्षक उभे होते आणि घाबरलेला इन्स्पेक्टर कुणालाच आवडत नाही.

दुबईच्या देऱ्यातली जुनी इमारत, तिसरा मजला. प्रेक्षकांपैकी एक युसुफभाई, घरमालकाचा मॅनेजर. दुसरी सँड्रा, वसईची, तिथे राहणारी. तिचा नवरा एका हॉटेलात. हे हॉटेल स्टाफसाठी फ्लॅट भाड्याने घेतं आणि इमारत जुनी असेल तर करार रिन्यू करण्याआधी मालकाकडून लेड रिपोर्ट मागतं. लेड म्हणजे शिसं. पूर्वी ते ऑइलपेंटमध्ये घालत. रंग टिकायचा झकास, पण त्याची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. माझी गन हेअर ड्रायरसारखी दिसते. रंग न खरवडता ती खालच्या थरांतलं शिसं मोजते.

इथे खाली भरपूर शिसं होतं. वरचा थर मात्र पांढराशुभ्र, अजून वास येणारा.

"युसुफभाई, ये पेंट कब मारा?"

"कल! खास आपके लिए." मुलाचं लग्न ठरल्यासारखा चेहरा. "पहले पॉलिश पेपर से पूरा घिसवाया, फिर दो कोट. एकदम नया, हबीबी!"

मी गन खाली ठेवली. चौकटींना चिकटून बसलेलं शिसं या माणसाने घासून हवेत सोडलं होतं.

"धूळ कुठे गेली?" मी सँड्राला विचारलं.

"काही विचारू नका भाऊ. भांड्यांवर, गादीवर, सगळीकडे. चारदा झाडू मारला, तरी आहेच."

तेवढ्यात तिचा अकरा महिन्यांचा रायन सोफ्यामागून रांगत आला. तळवे पांढरे. माझ्याकडे बघून गोड हसला आणि अख्खी मूठ तोंडात घातली.

मी पार्ट्यांमध्ये नकला करणारा माणूस. पण तेव्हा जो ओरडलो, त्यात नक्कल नव्हती. "उचला त्याला! हात धुवा, कपडे बदला, बाहेर चला. आजच रक्त तपासायचं."

सँड्राचा चेहरा उतरला. "झालंय काय पण?"

"बच्चे की माँ को क्यूँ डराते हो?" युसुफभाई चिडला. "रिपोर्ट पास करो, खलास."

"फेल आहे. और ये घिसवाया किसके कहने पे?"

"आपके! आपने ही मेल किया था. पेंट इन्स्पेक्शन है, फ्लॅट रेडी रखना."

केला होता. रेडी म्हणजे फर्निचर भिंतीपासून सरकवून ठेवणं, असं माझ्या मनात होतं. मेलमध्ये नव्हतं. इथे कुणीही साहेब तपासणीला येणार म्हटलं की पहिला फोन पेंटरला जातो. बावीस वर्षं या देशात काढून मला हे कळायला हवं होतं.

रक्ताचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. मी इतके फोन केले की सँड्रा म्हणाली, "भाऊ, तुमचा नंबर दिसला की मला धडकीच भरते."

शिसं वाढलेलं निघालं. औषध लागेल इतकं नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण महिन्याने पुन्हा तपासायचं. हॉटेलने त्यांना दुसरा फ्लॅट दिला. जुन्या फ्लॅटमध्ये खास व्हॅक्यूम आणि ओल्या फडक्यांनी सफाई झाली, चौकटी उपटून बदलल्या. महिन्याने रायनचा आकडा उतरला होता.

"म्हणजे त्याला काही झालं नाही ना?" सँड्राने विचारलं.

"उतरतोय," मी म्हणालो. डॉक्टरही तेवढंच म्हणाले होते. त्यापुढचं कुणीच लिहून देत नाही.

आता माझ्या मेलची पहिली ओळ इंग्रजी, हिंदी आणि अरबीत, ठळक लाल अक्षरांत असते: रंगाला हात लावू नका. गेल्या आठवड्यात शारजातल्या एका जुन्या व्हिलाचा जिना चढत होतो. निम्म्या जिन्यातच ताज्या रंगाचा वास आला.