न नेलेलं पाकीट

पाढेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दवाखान्याला लागून असलेल्या औषधाच्या दुकानात गेली चोवीस वर्षं त्या गोळ्या मोजत होत्या. ताटलीवर चपट्या पट्टीने पाच-पाच गोळ्या सरकवायच्या आणि ओठांतल्या ओठांत पाचाचा पाढा म्हणायच्या. कुणीतरी थट्टेत नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव घेऊन कुणी हाक मारली तर त्या स्वतःच मागे वळून बघायच्या नाहीत.

दुकान म्हणजे पुढे काउंटर आणि मागे एक चिंचोळी खोली. खोलीत फळ्या, फळ्यांवर सुट्या गोळ्यांच्या मोठ्या बरण्या आणि टेबलावर एक दिवा. पुढे फार्मासिस्ट बसायची, वयाने पाढेबाईंच्या लेकीएवढी. ती चिठ्ठी तपासायची, मागे पाढेबाई गोळ्या मोजून कागदी पाकिटात भरायच्या. मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

मग सरकारचा नियम आला. औषधाला हात लावणाऱ्या प्रत्येक मदतनिसाने वर्षाच्या आत प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर लावायचं. तोवर लोकांचे केस कापायला परवाना लागत होता, त्यांच्या गोळ्या मोजायला लागत नव्हता. यात काही चमत्कारिक आहे असं इतकी वर्षं कुणालाही वाटलं नव्हतं. पाढेबाईंना तर नाहीच नाही.

"केस पांढरे झाले या गोळ्यांत," त्या घरी करवादल्या, "आणि आता मला बाकावर बसवणार."

नवऱ्याने नवी वही, पेन्सिल आणि खोडरबर आणून ठेवलं. खोडरबर बघून त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

वर्ग दर शनिवारी एका शाळेत भरायचा. बाक लहान मुलांचे, गुडघे हनुवटीला टेकतील असे. शिकवणारे सर हडकुळे आणि मवाळ, आवाज असा की मागच्या बाकाला कान टवकारावे लागायचे. पहिल्या शनिवारी त्यांनी हात कसे धुवायचे ते शिकवलं. पाढेबाई हाताची घडी घालून बसल्या. चार शनिवार ती घडी सुटली नाही.

पाचव्या शनिवारी सर म्हणाले, "पेशंटने न नेलेलं पाकीट फोडून गोळ्या पुन्हा बरणीत ओतायच्या नाहीत. एक चुकीची गोळी गेली की अख्खी बरणी बाद. आणि गोळी रंगावरून ओळखायची नाही. कंपनी बदलली की रंग बदलतो."

पुढच्या बाकावरच्यांनी लिहून घेतलं. पाढेबाईंच्या हाताची घडी तेवढी सुटली.

न नेलेली पाकिटं त्या दर मंगळवारी फोडायच्या. चोवीस वर्षांचा शिरस्ता होता. चांगली औषधं फेकायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. या मंगळवारी एक पाकीट होतं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं. त्या गोळीचे दुकानात दोन प्रकार, एक मिलिग्रॅमची आणि पाच मिलिग्रॅमची. एकची गोळी गुलाबी, पाचची पिवळी. पाकिटातून गुलाबी गोळ्या निघाल्या, त्यांनी त्या एकच्या बरणीत ओतल्या. लेबलवरचा आकडा वाचायची गरज काय होती, डोळे होते ना.

पण पाकिटावर नाव होतं गाव सोडून गेलेल्या एका मास्तरांचं. आणि मास्तरांना कायम पाचची गोळी असायची. दोन महिन्यांपूर्वी पाचच्या गोळीची कंपनी बदलली होती आणि नवी गोळी गुलाबी होती. हे सगळं पाढेबाईंना ठाऊक होतं, प्रत्येक गोष्ट वेगवेगळी ठाऊक होती. त्या लहान बाकावर त्या सगळ्या पहिल्यांदा एका जागी आल्या.

वर्ग अर्ध्यावर टाकून त्या दुकानात आल्या. फार्मासिस्टला सगळं सांगितलं. दोघींनी बरणी दिव्याखाली उपडी केली आणि भिंग घेऊन एकेक गोळीवरचा आकडा वाचला. मास्तरांच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या होत्या. बरणीत पाचच्या एकोणीस सापडल्या. नऊ गोळ्या बाहेर गेल्या होत्या.

"मॅडम, माझं चुकलं," पाढेबाई म्हणाल्या.

"तुम्ही ओतता हे मी दर मंगळवारी बघत होते ना," फार्मासिस्ट म्हणाली. "बोलले नाही. तुम्हाला काय सांगायचं असं वाटायचं."

मंगळवारपासून त्या बरणीतून तिघांना गोळ्या गेल्या होत्या. दोघांना फोन लागला, दोघंही तासाभरात पाकिटं घेऊन आले. एकात दोन निघाल्या, एकात एक. उरलेल्या सहा तिसऱ्या पाकिटात, आणि ते पाकीट शिंपीआजोबांचं. वय अठ्ठ्याहत्तर, दिवसाला एकच्या तीन गोळ्या. तिन्ही जागी पाचच्या लागल्या तर एका दिवसात पंधरा मिलिग्रॅम. तेवढ्याने रक्त कुठूनही वाहायला लागेल आणि थांबणार नाही, हे सांगायला कुठल्या सरांची गरज नव्हती.

आजोबांचा नंबर बंद होता. दोघी त्यांच्या घरी गेल्या, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गुरुवारीच गेले की लेकीकडे, दोघंही. गाव? लांब आहे एवढं माहीत." दवाखान्यातही तोच बंद नंबर होता. पोलीस चौकीतल्या माणसाने सगळं सावकाश लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे हरवलेत का ते?"

हरवले नव्हते. कुठेतरी लेकीच्या घरी बसून वेळच्या वेळी औषध घेत होते. रविवारी पाढेबाई दिवसभर त्या कुलपासमोर पायरीवर बसून राहिल्या. त्याचा काही उपयोग नाही हे त्यांनाही कळत होतं.

सोमवारी सकाळी दुकान उघडताच फोन वाजला. शिंपीआजी होत्या.

"बाई, तुम्हीच आहात का? बरं झालं. यांच्या नाकातून कालपासून रक्त येतंय, आणि आज हाका मारल्या तर नीट बोलत नाहीत. गोळ्या मी चुकवत नाही हं. तुम्ही सांगितलं होतंत ना, 'आजी, अक्षर दिसत नसलं तर रंग बघा, गुलाबी तीन.' तशाच देते. आताही देऊ का?"

"देऊ नका," पाढेबाई म्हणाल्या. "एकही देऊ नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या आणि गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांच्या हातात द्या." गाव, दवाखाना, लेकीचा नंबर त्यांनी लिहून घेतला. फार्मासिस्टने तिथल्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, काही न लपवता.

बुधवारी पाढेबाई एकट्याच तिकडे गेल्या. बसने पाच तास. डोक्यात रक्तस्राव झालाय, नर्स म्हणाली, शुद्ध येईल की नाही सांगता येत नाही. वॉर्डाबाहेर लोखंडी बाकावर आजी बसल्या होत्या, आजोबांचा चष्मा मांडीवर घेऊन.

पाढेबाई त्यांच्याशेजारी बसल्या आणि सगळं सांगितलं. मास्तरांचं पाकीट, बरणी, बदललेला रंग, न वाचलेलं लेबल. रंग बघून गोळ्या द्या, हे शिकवणारीही आपणच. सांगताना एकदाही थांबल्या नाहीत. आता आजी ओरडतील, शाप देतील, निदान तोंड फिरवतील असं त्यांना वाटलं. तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं.

आजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"माझी समजूत घालायला एवढ्या लांब आलात," त्या म्हणाल्या. "कुणी येत नाही हो असं. पण तुम्ही कशाला अंगावर घेता? डॉक्टरही तुमच्यासारखंच काहीतरी सांगत होते, मला बरं वाटावं म्हणून. गोळ्या मीच दिल्या ना, माझ्या हाताने. मलाच दिसत नाही नीट."

"आजी, तसं नाहीये. चूक माझी आहे."

"असू दे," आजी म्हणाल्या आणि डोळे पुसून चष्म्याच्या काचा पदराने साफ करू लागल्या. "मी लेकीलाही सांगितलंय, माझ्याच हातून झालं म्हणून."