अळू, कढीपत्ता आणि अक्कांची अट

माझ्या अळवाला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या घरामागे, कपडे धुवायच्या दगडापाशी, हातभर रुंद पट्टीत ते माजलंय. मी ते कधी लावलंच नाही. माहेराहून, म्हणजे धरणगावहून, पिशवीभर अळकुड्या आल्या होत्या. त्यातल्या दोन सडक्या म्हणून मागे फेकल्या, एवढंच माझं कर्तृत्व. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कपडे खळबळलेलं, मिळेल ते पाणी पिऊन त्यांनी सुपाएवढी पानं काढली. मे महिन्यात जळगावात माणसं डोक्याला ओली फडकी बांधून फिरतात, तेव्हाही हे भिंतीच्या सावलीत, चिखलात पाय सोडून मजेत असतं.

अशा माझ्या अळवाशेजारी एका फेब्रुवारीत अक्का कढीपत्ता घेऊन आल्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, राहणार देवपूर, धुळे. सासरे गेल्यापासून तिथल्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. संक्रांतीनंतर न्हाणीत पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं, आणि माझ्या नवऱ्यानं जाहीर केलं की आता बस, आईनं कायमचं जळगावला यायचं. तो आईच्या बाबतीत फार हळवा आहे. माझ्या बाबतीत कसा आहे, तो आजचा विषय नाही.

अक्का गाडीतून उतरल्या त्या एका हाताला प्लास्टर आणि दुसऱ्या हातात पिशवीत बांधलेलं रोप घेऊन. देवपूरच्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी फुटलेलं ते वीतभर पिल्लू होतं. उंबऱ्यातच त्यांनी लेकाला अट घातली. "हाऊ अठे लावसू. लागना तं मी ऱ्हासू. नही लागना तं भाऊ, माले देवपूरले सोडी ये."

लागला तर राहीन, नाही लागला तर परत सोडून ये. इतकी साधी अट ऐकून नवऱ्याचे डोळे भरून आले. "बघ, आईनं मनाची तयारी केली," तो मला आत येऊन म्हणाला. "हे रोप जगलंच पाहिजे." आणि रोप जगवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

कढीपत्त्याचं सगळं अळवाच्या उलट. त्याला ऊन हवं, पाणी बेताचं हवं, आणि बुडाशी पाणी साचलं की तो रुसतो. जागा बदललेली तर त्याला बिलकूल खपत नाही. महिन्यातून एकदा आंबट ताक पाजायचं, बाकी त्याच्या वाटेला जायचं नाही. इतके लाड पुरवून द्यायचा काय, तर फोडणीला पाच-सात पानं, तीही लोक ताटाच्या कडेला काढून ठेवणार. माझ्या अळवाच्या पानांच्या वड्या होतात, देठांची पातळ भाजी होते, खालच्या अळकुड्या उकडून खाता येतात. चिंच घालायला विसरलं तर घसा खाजतो, एवढाच त्याचा दोष, आणि तो खरं तर विसरणाऱ्याचा.

हे सगळं मी अक्कांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "बाजूले काढतस, पन नही टाका तं लगेच समजस," त्या म्हणाल्या. मग अळवाकडे पाहून म्हणाल्या, "याले काय, कोठेबी फेका, ऱ्हास." मला तो माझ्या अळवाचा अपमान वाटला आणि दोन दिवस मी त्यांच्याशी मोजकंच बोलले.

रोप लावायची जागा अक्कांनीच निवडली, नेमकी अळवाच्या चिखलाला लागून. मी म्हटलं, अक्का, इथे कुजेल. त्या म्हणाल्या, सोबत राहील. वय झालं, असं मी मनात म्हटलं. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. मग अक्का दुपारी झोपल्या असताना मी ते मुळांवरच्या मातीसकट उचललं, आमच्या काळ्या मातीत दोन घमेली वाळू मिसळली आणि फाटकाजवळ उन्हात नेऊन लावलं. उठल्यावर अक्का बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्या रोज सकाळी प्लास्टर सांभाळत त्याला बादलीभर पाणी घालू लागल्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे माझा जीव दुहेरी जळायचा. मी त्यांना समजावून सांगायची. मुळं कशी श्वास घेतात, पाण्याचा निचरा का हवा, वगैरे. मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. त्या मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. ज्या बाईच्या अंगणातल्या झाडावर देवपूरची अख्खी गल्ली फोडण्या देते, त्या बाईला मी कढीपत्ता शिकवत होते, आणि यात काही विचित्र आहे हे माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं. मी बादल्या लपवल्या. त्या तांब्यानं घालू लागल्या. मी खोडाभोवती माती चढवली, पाणी बाहेर वाहून जावं म्हणून चर खणला. सगळी पानं गळून नुसती काडी उरली, तेव्हा नवरा रोज ऑफिसातून आल्या आल्या, चहाही न पिता, त्या काडीला बघून यायचा.

एप्रिलमध्ये काडीला हिरवा ठिपका दिसला. मी अंगणात ओरडलेच. "अक्का, लागला! तुमचा कढीपत्ता लागला!" अक्का बाहेर आल्या, वाकून पाहिलं, आणि "हां" म्हणाल्या. आनंद झालेला माणूस असा "हां" म्हणत नाही. पण मी माझ्याच कौतुकात होते.

आठ दिवसांनी भर दुपारी मी पापड उलटायला गच्चीवर गेले आणि वरून पाहिलं. प्लास्टर निघालेल्या अक्का फाटकाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. कैऱ्या मुरवलेल्या बरणीतलं खारं पाणी त्या तांब्यानं सावकाश, अगदी निगुतीनं, कढीपत्त्याच्या बुडात ओतत होत्या. मीठ कुठल्याच झाडाला चालत नाही, हे माझ्या अळवालाही कळतं.

मी धावत खाली गेले. मला संताप आला होता. तीन महिने मी राबले होते! "अक्का, हे काय करता?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. पकडल्या गेल्या तरी घाबरल्या नाहीत, दमल्यासारख्या दिसल्या. "मरतच नही वं," त्या म्हणाल्या. "तुना हातना गुन शे."

मी त्यांच्याशेजारी बसले. उपटून लावलेला कढीपत्ता सहसा जगत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी त्याची अट घातली होती. लेकाचं मन न मोडता घरी परत जायचा त्यांना सुचलेला तो एकच रस्ता होता, आणि मी वाळू घालून, चर खणून तो बुजवत होते.

"मना जीव तठेच शे," त्या म्हणाल्या. देवपूरला संध्याकाळी ओट्यावर पाच-सहा जणी बसतात, मेथी निवडतात, कुणाच्या ना कुणाच्या घरचं काढतात. "तठे माले कोनी, 'अक्का, तुम्ही बसा', नही सांगस."

ते दिवसातून दहा वेळा मीच म्हणत होते. मला फार वाईट वाटलं. सेवा करतेय असं समजून मी त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

"मग यांना सांगत का नाही?"

"त्यानी नवा पलंग बनाडा मनासाठे," त्या म्हणाल्या. "कसं सांगू?"

खारं पाणी मी साध्या पाण्यानं धुऊन काढलं. कढीपत्ता जगला, म्हणजे अट अक्का हरल्या होत्या. तेव्हा त्याच रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "माझ्यानं आता होत नाही. न्हाणीत धरायला दांडा बसवून घ्या, शेजारणीकडे एक किल्ली ठेवा, आणि अक्कांना देवपूरला सोडून या." त्याच्या हातातला घास तसाच राहिला. अक्कांनी मान खाली घालून भाकरी वरणात कुस्करली.

रविवारी अक्का गेल्या. मी सासूला चार महिनेही नांदवलं नाही, हे आता धुळ्यापासून जळगावपर्यंत सगळ्या नातलगांना माहीत आहे. नवरा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. हे लिहायला मला धीर होतोय तो एवढ्यासाठी, की तो क्रिकेटच्या बातम्यांपलीकडे काही वाचत नाही.

चौथ्या दिवशी माझा धीर सुटला आणि मी अक्कांना फोन लावला. मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. "अक्का, मी त्यांना खरं सांगून टाकते."

"नको वं. त्याले वाईट वाटी."

"आणि मला वाटतं, त्याचं काय?"

पलीकडचं हसणं लांब गेलं. बहुतेक ओट्यावरून उठून त्या आत गेल्या असाव्यात.

"तुनासंगे माले भांडता येस," अक्का म्हणाल्या. "त्यानासंगे नही."

मग मी रडत रडत अर्धा तास त्यांच्याशी भांडले.