उपरण्याखालचा हात

बैलाचे दात स्वतः बघितल्याशिवाय त्याचं वय मी कधी मान्य केलं नाही. मालक शपथ घेवो, नाहीतर देवळाची पायरी शिवो. तुमच्या या सदरात लोक भुताखेतांचं लिहितात, ते वाचून मी घरात मोठ्याने हसतो. तरी आज स्वतःच लिहायला बसलोय... कारण एक गोष्ट अशी आहे, जिचे दात मला आजवर मोजता आले नाहीत.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. गाव चकलांब्याच्या अलीकडे, तालुका गेवराई. बापाने माझ्यासाठी ढेकूळभरही जमीन ठेवली नव्हती. दुसऱ्यांची गुरं राखता राखता मी हेडी झालो — म्हणजे बाजारात बैलांचे सौदे जुळवणारा. हा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली समोरच्याची बोटं धरून भाव सांगायचा. जितकी बोटं दाबली तितका आकडा. अंगठा दाबला की 'मागे सर'. सौदा पटला की अख्खा पंजा घट्ट आवळायचा. पंजा न आवळता हात काढून घेतला, तर बोलणी अधांतरी राहिली.

पण चैत्रातल्या यात्रेत मी हेडी नसायचो. गोफ नाचायचो. देवळापुढच्या लिंबाच्या फांदीला आठ रंगीत दोऱ्या बांधायच्या, आठ गड्यांनी एकेक धरायची आणि हलगीवर एकमेकांना वेढे घालत फिरायचं — वर वेणी विणली जाते. मग तीच पावलं उलटी टाकायची, की वेणी उलगडते. दोऱ्या सोपानतात्यांनी स्वतः अंबाडीचा वाख वळून केलेल्या. तात्या आमचे म्होरके. उंच, ताठ, उजव्या हाताची करंगळी कडबा तोडताना गेलेली. शिकवण एका ओळीची — "जसा आलास तसा जा." तालीम संपली की प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. तो गूळ, लिंबाच्या मोहोराचा वास, पायाखालची ऊन धूळ... आता तसा गूळ कुठे मिळत नाही. मी पुष्कळ बाजार हिंडलो आहे.

मला मात्र ठरलेली चाल पुरायची नाही. मध्येच मनाने एखादी गिरकी घ्यायचो. बाजारात दोन सौदे सारखे होतात का? मग नाच दरवर्षी तोच कशाला? एका यात्रेत मी अशीच गिरकी घेतली आणि तात्यांनी हलगी थांबवली. सगळ्या गावासमोर माझ्या हातातली दोरी काढून घेतली.

"पदरचं घालू नगं म्हणलं हुतं ना, बाप्या? ह्यो बाजार न्हाई."

"बाजारात निदान बोलायला तरी मिळतं, तात्या! या एकदा, बोटं शिकवतो."

"झाकल्या हाताचं बोलणं मला नगं. माजं समदं उघड्यावर हाय."

लोक हसले. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. पावसाळ्यात तात्या तापाने गेले. निरोप आला, तेव्हा मी गेवराईच्या बाजारात होतो... गेलो नाही.

पुढच्या यात्रेत गावाने मलाच म्होरक्या केलं. बाकी कुणाला सगळी चाल पाठ नव्हती. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस राहिला नव्हता, तरी मी त्याच रागाने नाचलो. विणताना मनात येईल तिथे "घ्या गिरकी!" म्हणून ओरडायचो आणि सातही गडी माझ्याबरोबर फिरायचे. वेणी अशी देखणी उतरली की लोकांनी पटके उडवले.

मग उलगडायला लागलो. आठ-दहा फेऱ्यांत दोऱ्या अडकल्या. गिरक्या कुठे घेतल्या, किती घेतल्या — मलाच आठवेना.

आमच्याकडे गोफ उलगडला नाही तर विळ्याने कापून गोदावरीत सोडतात. मग बारा वर्षं गावात गोफ उभा राहत नाही. माझ्या मागचा गडी दगडू हळूच म्हणाला, "बापूराव, दावं तर गुतलं. आता बैल कसा इकताव?" पाटलांनी विळा मागवला. तात्यांची बायको, गयाकाकू, पारावर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "बापू, त्यांच्या हातच्या दोऱ्या हायत रं."

माझ्या डाव्या हातात दोरी होती. उजव्या मनगटावर उपरणं — बाजारची सवय. भर दुपार, समोर अख्खं गाव. आणि त्या उपरण्याखाली कुणीतरी माझा हात धरला.

थंडगार वगैरे नव्हता, लोक लिहितात तसा. कोमट होता. खरखरीत, वाख वळून घट्टे पडलेला. त्याने माझी दोन बोटं दाबली, मग अंगठा. माझ्या तोंडून निघून गेलं — "दोन पावलं... उलटी गिरकी!" गाठ सैल झाली. मग चार बोटं. अंगठा. मग एक. मी आकडा ओरडायचो, गडी फिरायचे, वेणी सुटत जायची. त्या पकडीत करंगळी नव्हती.

आठही दोऱ्या सरळ लोंबायला लागल्या, तेव्हा दगडूने विचारलं, "उपरण्याखाली काय हालत हुतं वो?"

"वारा."

"लिंबाचं पान हालंना, आन् वारा?"

नंतर गयाकाकूला विचारलं, तात्यांना बाजाराची बोटं यायची का? ती हसली. "त्यास्नी रं कुठली? बैल घेताना बी तोंडानंच भांडायचे. म्हणून तर समदे बैल महाग पडले."

कधी वाटतं, माझ्याच पायांना चाल आठवत होती. असेल. मग करंगळी का कमी होती? याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही, आणि मी सहजासहजी कुणाचं ऐकतही नाही.

एक सल मात्र आहे. शेवटचा वेढा सुटला तेव्हा मी पंजा आवळला जायची वाट बघत उभा होतो. हात निघून गेला — न आवळता. मेल्यावरही म्हाताऱ्याने सौदा पुरा केला नाही!

पुढे कितीतरी वर्षं मीच म्होरक्या होतो. गिरक्या सोडल्या नाहीत. फक्त लक्षात ठेवायला शिकलो. आणि दरवर्षी गोफ उलगडून झाला, गडी पाणी प्यायला गेले, की मी उपरण्याखाली हात जरा वेळ तसाच उघडा धरून ठेवायचो.